दोन डब्या, एक-एक

२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार. आंधळगाव

महाशिवरात्रीची सुट्टी, डाकघर बंद. म्हणून वही उघडली. मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हापासून एक ओळ नाही लिहिली. आता लिहून राहिलो कारण डोक्यात नुसता कालवा आहे, अन् माही बायको मंदा म्हणते, "मले नका सांगू, कागदाले सांगा." ठीक आहे. जसा बोलतो तसाच लिहीन. शुद्धलेखन डाकघरात, घरी नाही.

मोनाचं लग्न १८ एप्रिलले ठरलं. एकुलती पोरगी, पण कशाचा हट्ट नाही. काल जेवता जेवता म्हणते, "बाबा, मांडवात आजीचं गाणं वाजलं पाहिजे. दुसरं काही नको." मी हो म्हणून बसलो. हो म्हणायले काय जाते.

माह्या मायचं, सुंदरबाईचं, मांडवाचं गाणं आयकलं नाही असा माणूस आमच्या गावात नाही. तिच्याबिगर कोणाच्या घरी हळद लागत नोहोती. पण दीड वर्षाआधी तिले लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय अन् आवाज, तिन्ही गेले. आता फक्त डावा हात हालते.

गाणी मात्र आहेत. बाबांनं सारी टेप करून कंप्यूटरात ठेवली होती. बाबा, म्हंजे वासुदेवराव, चिखल्याच्या खाणीत हजेरीबाबू होते. रिटायर झाल्यावर तिथल्याच एका इंजिनिअर पोट्ट्यापासून कंप्यूटर शिकले. तो बी साधा नाही, ज्याच्यात काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ठोकत बसा लागते तो. माय बाजूले बसून वटाणे सोलत राहे अन् हे तिले सारं समजावून सांगत.

तो कंप्यूटर दिवाळीत वाटणीत गेला. मी अन् माहा लहान भाऊ मंगेश, दोघांत पाच पंचांसमोर वाटणी झाली. नत्थूभाऊ मुख्य पंच. त्याइचा कायदा सोपा: जे एक आहे त्याची चिठ्ठी, जे दोन आहे ते एक-एक. कंप्यूटरची पेटी चिठ्ठीत मंगेशले गेली, पडदा मले आला. मंग कोणीतरी पेटी उघडली तं आत दोन सारख्या काळ्या डब्या. नत्थूभाऊ म्हणे, "दोन आहेत ना? एक-एक." वाटणीपत्रात कलम ३१ तेच आहे: कंप्यूटरातील डब्या, नग दोन, प्रत्येकी एक. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

माही डब्बी कपाटात आहे. म्हणजे अर्धी गाणी तं माह्याकडे असतीलच. मांडवाचं गाणं माह्या अर्ध्यात निघावं, एवढंच आज महादेवाले सांगून आलो.

२ मार्च, रविवार

डब्बी घेऊन तुमसरले एका कंप्यूटरच्या दुकानात गेलो. पोरानं वायर लावली अन् म्हणे काका बसा, च्या सांगून येतो. तेवढ्यात पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी आली. डिस्क ओळखू येत नाही, वापरायची असंल तं आधी तयार करा लागन. करू का? हो, नाही.

आता मी शाखा डाकपाल आहे. तीस वर्षं फॉर्म भरून राहिलो. कोणी विचारलं 'करू का' तं नाही म्हणणं माह्या स्वभावात नाही. हो दाबलं.

पोरगा आला अन् पडद्याकडे पाहून त्याच्या हातातला कप तिरपा झाला. म्हणे, "काका, काहून दाबलं?" मी म्हणलं, "त्यानं विचारलं म्हणून." डब्बी आता साफ रिकामी दाखवून राहिली. पोरगा म्हणे साकोलीले रिता पटले म्हणून मॅडम आहेत, नागपुरातून शिकून आल्या, असलं काम त्याच करतात.

साकोलीच काहून. मंगेशचं दुकान साकोलीले आहे.

मोनाले काही नाही सांगतलं. मायजवळ बसून मात्र सांगतलं, कारण ती कोणाले सांगू शकत नाही. तिनं डाव्या हाताची दोन बोटं वर केली. हे तिचं दिवाळीपासून सुरू आहे. दिवसातून चार-पाच खेपा दोन बोटं. आधी वाटलं दोन वाजता काही पाहिजे असन. मंग वाटलं दोन कप च्या. च्या देल्ला तं तोंड फिरवते. शेवटी ध्यानात आलं, डॉक्टरनं गॅसची गोळी लिहून देल्ली आहे, ती एकीनं भागत नसन. तेव्हापासून दोन देतो. चावते बिचारी, पण अशी पाहते माह्याकडे का मलेच काही समजत नाही.

९ मार्च, रविवार

साकोली. बस स्टँडवरून रिता मॅडमच्या दुकानात जाची वाट मंगेशच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानासमोरूनच आहे. तोंडाले दुपट्टा बांधला अन् निघालो. ऊन होतंच, कोणाले शंका नाही येणार. मंगेश खाली मान घालून तांब्याचा तार गुंडाळत होता. बाबांसारखाच वाकून बसते.

रिता मॅडम म्हंजे पंचवीस-सव्वीसची पोट्टी. नाव विचारलं तं मी म्हणलं, "डाकबाबू, आंधळगाव, एवढं लिहा." तिनं तेवढंच लिहिलं. डब्बी लावली, बराच वेळ पाहिली अन् मले जवळ बसवलं.

तिनं जे सांगतलं ते जसं आठवते तसं लिहून ठेवतो. डब्बी म्हंजे नंबर टाकलेल्या खान्यांची लांबच लांब रांग. एका खान्यात पाचशे बारा अक्षरं. डब्बीले स्वतःबद्दल काही माहीत नसते. आपण कोण, आपल्यावर काय रचलं आहे, आपल्यासोबत अखीन कोण आहे, हे सारं तिच्याच सुरुवातीच्या खान्यांत लिहून ठेवा लागते. मशीन चालू झाली का आधी तेवढंच वाचते. ते वाचलं तं बाकीचं समजते, नाही वाचलं तं सारी डब्बी कोरी.

अन् बाबांचं काम थरांचं आहे, म्हणे. सगळ्यात खाली डब्बी. तिच्यावर एक जोडणीचा थर. जोडणीतून कापलेला कप्पा. कप्प्यात फायली. प्रत्येक थर आपली चिठ्ठी आपल्याखालच्या थराच्या अंगावर लिहून ठेवते.

मी म्हणलं, "म्हंजे डाकथैली. थैलीले लेबल, आत गड्डीले चिठ्ठी, गड्डीत पाकिटं, पाकिटावर पत्ता."

"बरोबर काका. अन् तुम्ही थैलीचं लेबल काढून दुसरंच चिपकवलं." तिनं पडद्यावर दाखवलं. दुसऱ्या खान्यात 'लेबलवन' असं लिहून असा लागते, तिथं आता 'ईएफआय पार्ट' आहे. माह्या 'हो'नं पहिल्या चौतीस खान्यांवर दुसरंच लिहून टाकलं.

"मंग गाणी गेली?"

"गाणी नाही गेली. लेबल अन् चिठ्ठ्यांसाठी पहिला एक एमबी सोडून देल्ला असते. सामान त्याच्या मागं सुरू होते. तुमचं लिहिणं तिथपर्यंत नाही पोचलं."

मंग तिनं तेवढी जागा सोडून कच्चंच वाजवून पाहिलं. बराच वेळ खरखर. अन् एकदम माय. तिचाच आवाज, दीड वर्षानं. पण कापलेला. एक घास आवाज, मंग मधला घास गायब, मंग पुढचा घास. "तला... पारी... मोह... गं... माही... ली..." असं. दुपट्टा होताच, तोंडाले लावला.

रिता कान देऊन आयकत होती. म्हणे, "काका, हे पट्ट्या पाडून लिहिलं आहे. एक तुकडा या डब्बीत, पुढचा दुसऱ्या डब्बीत, अखीन पुढचा याच्यात. हिची जोडीदार आहे. ती कुठी आहे?"

दोनशे पावलांवर आहे, असं सांगा लागत होतं.

"हरवली," मी म्हणलं.

ती माह्याकडे पाहतच राहिली. "नवल आहे," म्हणे. अन् डब्बी वापस देल्ली.

१० मार्च, सोमवार

रितानं तो कापलेला तुकडा मोबाइलमध्ये टाकून देल्ला होता. मायले आयकवला. तिचे ओठ हालले. जिथं आवाज गायब होते तिथंच हालत होते, मधले घास ती आतल्या आत भरत होती. संपल्यावर दोन बोटं. पार माह्या नाकासमोर आणून धरली.

दोन गोळ्या देल्ल्या.

१६ मार्च, रविवार

मंदा विचारते, "साकोलीले जाता, तं मंगेशभाऊजीले भेटले का?" मी म्हणलं, त्याचा काय संबंध. ती म्हणे, "काही नाही," अन् भाकर इतकी जोरात थापली का वाटलं माह्याच गालावर.

हे कागदाले सांगाच लागन. बाबा गेले त्या दिवशी सकाळी मी मंगेशले फोन केला. तो सायंकाळी पाच वाजता पोचला. तोवर सारं आटपलं होतं. साऱ्या गावासमोर मी त्याले म्हणलं, "आता भेटला का टाइम? अखीन थोडा थांबला असता तं सरळ चौदवीलेच आला असता." त्यानं पायातली चप्पल काढली, मसनवट्यात एकटाच गेला अन् तिथूनच साकोलीले वापस. नंतर कळलं का त्याची गाडी लाखनीजवळ बंद पडली होती अन् तो कितीक कोस पायदळ आला होता. कळलं, पण तोवर बोललेलं बोलून गेलं होतं. वाटणीच्या दिवशी बी आम्ही नत्थूभाऊच्या तोंडूनच बोललो.

आता मी कसा जाऊ त्याच्याकडे, डब्बी दे म्हणून?

२३ मार्च, रविवार

मले एक उपाय सुचला. त्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची नवी डब्बी घेतली तं? एक बैल मेला तं दुसरा आणून जुपतातच ना. दुपट्टा बांधून साकोलीले गेलो अन् रिताले हे सांगतलं.

तिनं हासू दाबलं. "काका, नव्या डब्बीत ते मधले घास कुठून येतील?"

हे बी खरंच.

मंग तिनं एकदम विचारलं, "तुमचं नाव तेजराम आहे का?"

मी कोणाले नाव सांगतलं नोहोतं. तिनं खणातून एक कागद काढला. म्हणे, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कागद दाखवाचा नसते, पण तुमचंच नाव आहे त्याच्यावर. जानेवारीत एक माणूस अशीच काळी डब्बी घेऊन आला होता. त्याची साबूत होती. पण लावली का मशीन म्हणे, अमुक नंबरची जोडीदार सापडून नाही राहिली. रितानं त्याले विचारलं, दुसरी कुठी आहे? तो म्हणे, हरवली.

"त्याचं दुकान इथून दोनशे पावलांवर आहे," रिता म्हणे. "तुम्ही दुपट्टा बांधून त्याच्याच समोरून येता."

मी पाणी मागतलं.

तिनं कागद समजावला. या जोडणीच्या थराची एक रीत आहे. प्रत्येक डब्बीवर फक्त तिचंच नाव नसते. दोघींची नावं, दोघींचे नंबर, कोण कितवी, कोणता कप्पा कोणावर पसरला, सारी यादी दोघींच्या बी अंगावर पुरी लिहून असते. अन् ते साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. यादी बदलली का जुनी खोडत नाही, तिच्या पुढं नवी लिहितात. म्हणून जुन्या बी दिसतात.

"तुमच्या डब्बीची यादी तुम्ही मिटवली. आता तुमच्या डब्बीचा नंबर जगात एकाच ठिकाणी लिहून आहे. त्याच्या डब्बीवर. ती समोर असंल तं मी तोच नंबर वापस हिच्यावर लिहिते अन् दोघी एकमेकीले ओळखतील. ती नसंल तं नाही."

मंग जुन्या याद्या. पहिल्या यादीत दोन कप्पे होते. एकाचं नाव इंग्रजी अक्षरांत तेजराम, तो पुरा माह्या डब्बीवर. दुसऱ्याचं मंगेश, तो पुरा त्याच्या डब्बीवर. दोघांचं माप अक्षराले अक्षर सारखं. रिता म्हणे, "एकाएका भावाले पुरी-पुरी गाणी देऊन ठेवली असतील, असं दिसते." पुढच्या याद्यांत एक कप्पा मिटवला, मंग दुसरा. अन् शेवटच्या यादीत एकच कप्पा, नाव सुंदर, दोन्ही डब्यांवर पट्ट्या-पट्ट्यांनं. तारीख १९ ऑगस्ट २०२३.

म्हंजे आधी सारं बरोबर होतं. प्रत्येकाकडे पुरी गाणी होती. बाबांनं ते मोडून असं करून ठेवलं का एकट्याची डब्बी कोणाच्याच कामाची नाही. मी म्हणलं, "म्हातारपणी डोकं फिरलं असन." रितानं कागदाची घडी करून माह्या हातात देल्ली.

२४ मार्च, सोमवार

जुनी वही काढली. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. माह्याच अक्षरात:

"मायले लकवा मारून चौथा दिवस. भंडाऱ्याले दवाखान्यात. माय कोणाच्या घरी राहीन याच्यावर मंगेशशी कडाक्याचं भांडण, तिच्या खाटेजवळच. नर्सनं बाहेर काढलं. तो म्हणे माह्याकडे, मी म्हणलं माह्याकडे. बाबा बाकावर बसून आयकत होते. दुपारच्या बसनं कपडे आणतो म्हणून घरी गेले."

कपडे आणाले गेलेल्या माणसाले कंप्यूटर कसा सुचला? दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. काही डोक्यात नाही शिरलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. जाणार होतो साकोलीले, सणाच्या दिवशी कसं जा म्हणून नाही गेलो. मोनानं विचारलं, "बाबा, गाणं भेटलं ना?" मी म्हणलं, भेटलं, फक्त जोडाचं राहिलं.

मंदानं आयकलं. म्हणे, "सोळा दिवस उरले आता मांडवाले कसेबसे."

अठरा आहेत, मी म्हणलं. ती आत निघून गेली.

६ एप्रिल, रविवार

गेलो. दुपट्टा नाही बांधला.

मंगेशनं मान वर नाही केली. म्हणे, "दोनदा तोंड बांधून गेला. आज उघडं?"

म्हंजे त्यानं पाह्यलं होतं. मी उभाच. बाजूले जळक्या मोटारीचा ढीग, वार्निशचा वास. मी म्हणलं, "मोनाचं लग्न आहे."

"पत्रिका आली डाकेनं. भावाले डाकेनं." मंग म्हणे, "ठप्पा तुह्याच हातचा होता, ओळखला."

काय बोलाचं ते येतानी गाडीत पाठ केलं होतं, सारं उडून गेलं. तोंडातून भलतंच निघालं. "तू रिताकडे काहून गेला होता?"

तो तार गुंडाळत राहिला. मंग म्हणे, "तुह्याकडे माय आहे. माह्याकडे काय आहे? म्हणलं आवाज तरी आयकू." थोड्या वेळानं म्हणे, "तिनं विचारलं दुसरी कुठी, तं मी हरवली म्हणलं."

"मी बी तेच म्हणलं."

तो हासला नाही, पण हात थांबला. मी तिथंच मोटारीच्या खोक्यावर बसलो अन् बोलून टाकलं. "बाबा गेले त्या दिवशी मी जे बोललो ते बोलाले नोहोतं पाहिजे. लाखनीचं मले नंतर कळलं. कळल्यावर बी फोन नाही केला, ते अखीन वाईट. चुकलं माहं."

मंगेश बराच वेळ तारेचं टोक शोधत राहिला. त्याले ते सापडत नोहोतं. म्हणे, "तेरा किलोमीटर चाललो होतो दादा. वाटलं होतं तू थांबवून ठेवशीन."

"ऊन होतं. पंच म्हणे उशीर नका करू."

"हं."

मंग त्यानं गल्ल्याखालून डब्बी काढली. मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून होती. मी हात पुढं केला तं त्यानं मागं घेतली. "हे वाटणीत माही आहे. कलम ३१. ही जिथं जाईन तिथं मी सोबत जाईन. एकटी नाही देत."

मी म्हणलं, ठीक आहे.

१३ एप्रिल, रविवार

आम्ही दोघं रिताकडे गेलो. तिनं आधी दोन्ही डब्यांची अक्षराले अक्षर नक्कल काढून घेतली. तेच चार तास चाललं. म्हणे, मूळ डब्बीवर लिहाचं तं आधी नक्कल, नाही तं हात लावाचा नाही. मले माहं 'हो' आठवलं.

मंग मंगेशच्या डब्बीवरची यादी वाचून तिनं माह्या डब्बीवर तिचा जुना नंबर लिहिला. दुसरं काही नाही, फक्त नाव अन् यादी. एक हुकूम टाइप केला अन् पडद्यावर आलं: दोन पैकी दोन सापडल्या. कप्पा सुंदर, चालू. फायलींची यादी भराभर खाली येत गेली. बाबांनं एकाएका गाण्याले नाव देल्लं होतं. रोवण्याचं, दळणाचं, हळदीचं. मांडवाचं सातवं होतं.

रितानं विचारलं, वाजवू का? दोघंबी एकदम नाही म्हणलो. आधी मायजवळ, मांडवातच.

मंगेश लग्नापर्यंत राहाले माह्यासोबतच घरी निघाला. येतानी बसमध्ये मी त्याले तो याद्यांचा कागद दाखवला, अन् १९ ऑगस्टचं माह्या वहीतलं सांगतलं. म्हणलं, "मले हे कोडं सुटून नाही राहिलं. चांगल्या दोन पुऱ्या नकला होत्या, त्या मिटवून असं कायले केलं असन? जागा वाचवली असन बाबांनं."

मंगेशनं कागद वाचला. मंग खिडकीबाहेर पाहत राहिला. साऱ्या रस्त्यानं मोहाची फुलं टिपणाऱ्या बाया दिसत होत्या. लाखनी मागं पडल्यावर म्हणे, "हो दादा. जागाच वाचवली असन."

१७ एप्रिल, गुरुवार. मांडव

लिहाले टाइम नाही, पण लिहितो.

मांडव दुपारी उभा राहिला. जांभळीच्या डहाळ्या मंगेशनंच आणल्या. बाया जमल्या, हळद आली, अन् सारे मायच्या खाटेकडे पाहून थांबले, कारण तिच्याबिगर सुरुवात कोण करन. मोनानं बटन दाबलं.

आधी बाबांचा आवाज. "हं, सुंदर, म्हण आता." मंग ती.

तलावाच्या पारीवरती मोह फुलला गं,
लेक माही चालली, गाव मागं राहिला गं.

एक घास बी गायब नोहोता. धुरपता आत्या सत्तरीची आहे, पहिल्या ओळीलेच तिनं पदर तोंडात धरला, अन् दुसऱ्या ओळीले साऱ्या बाया मागून म्हणाले लागल्या. माय खाटेवर बसून ओठ हालवत होती. आवाज यंत्रातून अन् ओठ तिचे. मोना तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी बी रडलो. मंगेश मांडवाच्या खांबाले धरून उभा होता.

जेवणं झाल्यावर नत्थूभाऊ वाटणीपत्र घेऊन आले. त्याइले कोणीतरी सांगतलं होतं. चष्मा लावला, कलम ३१ काढलं, म्हणे, "आमची चूक झाली. आम्हाले वाटलं दोन आहेत." 'नग दोन, प्रत्येकी एक' यावर रेघ मारली अन् वर लिहिलं, 'नग एक, वाटप नाही.' आम्ही दोघांनं सही केली. पेटी मायच्या खोलीत राहीन असं ठरलं.

मी दोन्ही डब्यांवर कागद चिपकवला. डाकबाबूची सवय. माह्या डब्बीवर लिहिलं: हिची जोडीदार मंगेशची, साकोली, अन् त्याचा मोबाइल नंबर. त्याच्या डब्बीवर माहा.

२१ एप्रिल, सोमवार

मोना सासरी गेली. घर रिकामं आहे. मंगेश काल सायंकाळच्या गाडीनं गेला, पुढच्या रविवारी येतो म्हणे.

सकाळी सवयीनं दोन गोळ्या घेऊन मायजवळ गेलो. तिनं बोटं नाही दाखवली. मी थांबून पाहिलं. डावा हात मांडीवर पडून होता, शांत. मंदाले विचारलं तं ती म्हणे, आठ दिवसांपासून एकदा बी नाही दाखवली, तुमच्या ध्यानात नाही आलं का? मी म्हणलं, गॅस कमी झाला असन.

मंदा माह्याकडे अशी पाहत राहिली का जशी माय पाहते.

"मोनाचे बाबा," म्हणे, "वाटणी झाली त्या दिवसापासून तिनं दोन बोटं दाखवली. मंगेशभाऊजी घरात आले अन् बंद झाली. अन् बाबा कंप्यूटरवर काय करतात ते साऱ्या घरात एकट्या तिलेच माहीत होतं. लकव्यानंतर बी खाटेजवळ बसून तिलेच सांगत."

मी तिथंच खाटेच्या कडेवर बसलो. हातात दोन गोळ्या. मायनं गोळ्यांकडे पाहिलं, मंग माह्याकडे, अन् हासली. अर्ध्याच तोंडानं, पण हासली. लकव्यानंतर पहिल्यांदा.

सहा महिने. सहा महिने ती मले 'दोघं सोबत' असं सांगून राहिली होती अन् मी तिले गॅसच्या गोळ्या चारून राहिलो होतो.

मंगेशले फोन लावला. गोळ्यांचं सांगतलं. तो इतका हासला का त्याले ठसका लागला. हासता हासता त्याचा आवाज फाटला. मंग फोनमध्ये त्याच्या दुकानातल्या मोटारीची घरघर आयकू येत होती, त्याले इकडून मायचा पंखा आयकू गेला असन.

फोन कोणीच नाही ठेवला.